ऊब कोठे अडली?

नागपूर म्हटले की दोन गोष्टी मनात येतात : एक संत्री आणि दुसरे ऊन. वैशाखातल्या दुपारी या शहराच्या रस्त्यांवर चिटपाखरूही फिरकत नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा गावातील मोटारीला ऊब देणारे यंत्र हवेच कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु हेच नागपूर हिवाळ्यात अगदी निराळे असते. समुद्र दूर राहिला आणि आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. २९ डिसेंबर २०१८ या दिवशी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत खाली उतरला होता.

आणि हिवाळा हाच संत्र्यांच्या वाहतुकीचा काळ. आंबिया बहराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात आणि मृग बहराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येतात. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांतील बागांतून भरलेल्या गाड्या नागपूरच्या कळमना बाजारात येतात, तशा उत्तरेकडेही जातात. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल या मार्गाने भोपाळकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या रांगा चढतो. ज्या मुलताईला तापी नदी उगम पावते, तेथील थंडी नागपूरपेक्षाही बोचरी. फळ नासू नये म्हणून गाडी रात्रीच हाकावी लागते. अशा वेळी चालकाजवळची ऊब ही चैनीची वस्तू उरत नाही; ती त्याच्या सुरक्षिततेची वस्तू बनते.

अशीच संत्री वाहणारी एक लहान मालमोटार, जिला सर्व जण ‘पिकअप’ म्हणतात, डिसेंबरमधील एका रविवारी सकाळी नागपूरजवळील वाडी येथे एका गॅरेजसमोर उभी राहिली. गाडी रात्रभर जवळच उभी होती, त्यामुळे तिचे इंजिन थंडगार होते. चालकाबरोबर सातवीत शिकणारी त्याची मुलगीही आली होती.

“मिस्त्री, हीटर बिघडला आहे,” चालक म्हणाला. “पंखा फिरतो, वाराही येतो, पण तो गारच. परवा रात्री मुलताईच्या अलीकडे समोरच्या काचेवर आतून असे धुके धरले की रस्ताच दिसेना. एका हाताने काच पुसावी आणि दुसऱ्या हाताने चाक सांभाळावे, अशी गत झाली. एक जण म्हणतो, सबंध हीटर नवा बसवा. दुसरा म्हणतो, एवढा खर्च कशाला? कोळशाची लहानशी शेगडी जवळ ठेवली म्हणजे झाले.”

शेगडीचे नाव ऐकताच मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “भाऊ, गारठून एक वेळ माणूस वाचेल, पण ती शेगडी गाडीत ठेवू नका,” तो गंभीरपणे म्हणाला.

मिस्त्रीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बंद जागेत कोळसा जळू लागला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. परंतु प्राणवायूपेक्षा या वायूला ते दोनशे पटींहूनही अधिक ओढीने धरून ठेवते. मग शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. माणसाला प्रथम डोके जड झाल्यासारखे वाटते, मग गुंगी येते, आणि त्या झोपेतून तो पुष्कळदा उठतच नाही. थंडीच्या दिवसांत दारेखिडक्या लावून शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांचे प्राण असेच गेलेले आहेत. गाडीची कॅबिन तर खोलीहून कितीतरी लहान असते.

मग काचेवरचे ते धुके येते कोठून? ते बाहेरून येत नाही. माणसाच्या श्वासातून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. गरम हवेत पुष्कळ वाफ सामावते, थंड हवेत थोडी. बाहेरच्या गारव्याने काच थंड झालेली असते. आतली दमट हवा तिला टेकताच थंडावते आणि जास्तीच्या वाफेचे बारीक थेंब काचेवर जमतात. पहाटे गवतावर दव पडते तेही याच कारणाने. काचेवर गरम, कोरडा वारा सोडला की काच तापते, थेंबांची पुन्हा वाफ होते आणि रस्ता स्पष्ट दिसू लागतो. म्हणूनच हीटर नीट चालणे हे चालकाच्या आणि समोरून येणाऱ्या वाटसरूंच्याही जिवाशी निगडित असते.

आता हा हीटर असतो तरी कसा? पुष्कळांना वाटते, विजेच्या शेगडीप्रमाणे त्यातही तारेचे लालबुंद वेटोळे असावे. अशा गाडीत तसे काही नसते. तिचा हीटर स्वतः उष्णता उत्पन्न करीतच नाही. इंजिनाने वाया घालवलेली उष्णता तो फक्त उसनी घेतो.

इंजिनात इंधन जळते तेव्हा निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. दुसरा तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. तो तेथेच साठत राहिला तर इंजिन काही मिनिटांत जळून जाईल. म्हणून इंजिनाच्या धातूत पोकळ वाटा ठेवून त्यांतून पाणी खेळवलेले असते. एक पंप ते पाणी सतत फिरवतो. तापलेले पाणी गाडीच्या नाकाशी बसवलेल्या रेडिएटरमध्ये जाते. तेथे बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेले पातळ पत्रे असतात. त्यांमधून वारा वाहतो, पाणी निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते.

या गरम पाण्याची एक लहान वाट चालकाच्या पायांपुढील पत्र्याच्या भिंतीतून आत वळवलेली असते. तेथे रेडिएटरचेच एक छोटे भावंड बसवलेले असते. एका रबरी नळीने गरम पाणी त्यात येते आणि दुसरीने परत जाते. त्यामागे विजेचा पंखा असतो. पंख्याचा वारा या गरम जाळीतून गेला की तो तापतो आणि एका झडपेच्या साहाय्याने काचेकडे किंवा पायांकडे वळवता येतो. एवढाच तो हीटर! पाण्याच्या अंगी उष्णता साठवण्याची शक्ती फार मोठी आहे. एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्या उष्णतेने सुमारे साडेतीन हजार लिटर हवेचे तापमान एका अंशाने वाढते. म्हणून ओंजळीत मावेल एवढ्या गरम पाण्यावरही कॅबिनमधील हवा पाहता पाहता उबदार होते.

याचा अर्थ असा की, ऊब मिळण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पाणी पुरेसे तापले पाहिजे. तापलेले पाणी हीटरच्या जाळीतून वाहिले पाहिजे. आणि जाळीवरून वारा वाहिला पाहिजे. या तिहींपैकी एक जरी तुटली, तरी हीटर गारच राहील. कुशल मिस्त्री भाग बदलण्याची घाई करीत नाही. या तीन गोष्टींपैकी कोणती तुटली, हे तो आधी शोधतो.

वारा तर जोराने येत होता. तेव्हा पंखा, त्याचे बटण आणि फ्यूज यांच्यावरचा संशय फिटला. वारा आलाच नसता तर तपास तेथून सुरू झाला असता. राहिले दोन प्रश्न : पाणी तापते का, आणि वाहते का?

मिस्त्रीने प्रथम रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहिले. इंजिन थंड होते म्हणूनच त्याने झाकणाला हात लावला. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, आणि दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण काढताच दाब नाहीसा होतो, पाणी एकदम उकळते आणि कारंज्यासारखे उसळून तोंड व हात भाजून काढते.

पाणी थोडेसे कमी होते आणि रंगाने तांबूस दिसत होते. मिस्त्रीने तो तांबूस रंग ध्यानात ठेवला, पाणी पुरते केले आणि इंजिन चालू केले. पंधरा मिनिटे झाली तरी तापमान दाखवणारा काटा पाव भागाच्या वर सरकेना.

“काटाच खोटे सांगत असेल तर?” मुलीने विचारले.

शंका रास्त होती. मोजणारे साधनही बिघडू शकते, याचा नमुना नागपूरकरांनी पाहिलेला आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तब्बल ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्याने तपास केला, तेव्हा तेथील तापमापकच बिघडलेला आढळला. एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावर निवाडा देऊ नये. त्याचे म्हणणे दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळून पाहावे, हा न्याय यंत्रांनाही लागू पडतो.

मिस्त्रीने दुसरा साक्षीदार गाठला. मधून मधून इंजिन बंद करून, पंखा पूर्ण थांबल्यावर, त्याने इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी हाताने चाचपली. निरोगी गाडीत ही नळी बराच वेळ गार राहते आणि मग थोड्याच वेळात चटका बसावा इतकी तापते. येथे मात्र ती पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत होती. काटा आणि नळी दोघांनीही एकच गोष्ट सांगितली : पाणी पुरते तापण्याआधीच रेडिएटरकडे पळत आहे.

याचा उलगडा होण्यासाठी थर्मोस्टॅट म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरचा हा द्वारपाल होय. एका लहान धातूच्या डबीत मेण भरलेले असते. इंजिन गार असताना मेण घट्ट असते आणि दार बंद राहते. पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरून लवकर तापते. पाणी ८० अंशांच्या थोडे वर गेले की मेण वितळते. वितळताना ते फुगते आणि एका दांड्याला रेटून दार उघडते. पाणी पुन्हा निवले की मेण आक्रसते आणि स्प्रिंग दार लावून घेते. वीज नाही, माणूस नाही. केवळ मेणाच्या फुगण्या-आक्रसण्यावर हे काम वर्षानुवर्षे चालते. मेणाचा असा उपयोग करण्याची युक्ती १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने शोधून काढली.

हा द्वारपाल दार उघडे टाकून बसला असावा, असा मिस्त्रीचा तर्क होता. इंजिन थंड झाल्यावर त्याने थर्मोस्टॅटचे घर उघडले. आत पाहतो तो काय? द्वारपाल अडकलेला नव्हता. तो जागेवरच नव्हता!

चालकाला तेव्हा आठवण झाली. मे महिन्यात भर उन्हात गाडीचे पाणी वरचेवर उकळत असे. तेव्हा वाटेत कोणीतरी, “थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळे वाहील,” असा सल्ला दिला होता. भाग काढला, उकळणे थोडे कमी झाले आणि ती गोष्ट सर्व जण विसरून गेले.

उष्ण मुलखात हा उपाय सर्रास करतात. तो वरवर सोयीचा दिसतो. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. दारच नसल्यामुळे सगळे पाणी सदैव रेडिएटरमधून फिरते. हिवाळ्याच्या रात्री धावत्या गाडीचा वारा त्याला इतके निववतो की ते कोमटच राहते. मग हीटरला उसनी ऊब मिळणार कोठून? शिवाय थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, ते अधिक खर्च होते आणि इंजिनाचे भागही लवकर झिजतात. काही इंजिनांची रचना तर अशी असते की, थर्मोस्टॅट काढल्यावर बरेचसे पाणी आडवाटेने परत फिरते आणि उन्हाळ्यात इंजिन उलट जास्तच तापते.

मुलगी विचारात पडली होती. ती म्हणाली, “काका, थर्मोस्टॅटचा दोष नव्हता, तर मे महिन्यात पाणी का उकळत होते?”

“बरोबर विचारलेस, बाई!” मिस्त्री म्हणाला. “हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता, तर आज ही वेळ आली नसती.”

त्याने तिला रेडिएटरपाशी नेले. पत्र्यांच्या फटींत धूळ, गवताच्या काड्या आणि मेलेले किडे यांचा थर बसला होता. वाऱ्याची वाटच बुजल्यामुळे उन्हाळ्यात पाणी निवत नव्हते. खरा दोष येथे होता, आणि शिक्षा मात्र निर्दोष थर्मोस्टॅटला झाली होती. मिस्त्रीने इंजिनाच्या बाजूने पाण्याची हलकी धार सोडली. पत्रे न वाकवता सारा कचरा ज्या बाजूने आला त्याच बाजूने बाहेर पडला.

नवा थर्मोस्टॅट आणला. पण तो बसवण्यापूर्वी मिस्त्रीने त्याची परीक्षा घेतली. एका पातेल्यात पाणी घेऊन त्याने ते शेगडीवर ठेवले. ही शेगडी मोकळ्या अंगणात होती, हे सांगणे नलगे. थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगला की तो तळाला टेकू नये, कारण तळ पाण्याहून अधिक तापलेला असतो. बाजूला तापमापक धरला. थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. मुलगी टक लावून पाहत होती. पारा सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी असा चढला तरी काही घडेना. आणि मग त्या चिमुकल्या दाराने हळूच आपली कड उचलली. पातेले खाली उतरवून त्यात गार पाणी ओतताच दार पुन्हा मिटले. परीक्षा उतरली!

थर्मोस्टॅट बसवून इंजिन चालू केले. या वेळी काटा लगबगीने चढून मध्यावर स्थिर झाला. चालकाने हर्षाने हीटर लावला. परंतु हाताला लागला तो जेमतेम कोमट वारा. त्याचा चेहरा उतरला.

मिस्त्री मात्र निराश झाला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते; पाणी आता तापत होते. दुसरा प्रश्न उरला होता : ते वाहते का? इंजिन बंद करून त्याने हीटरच्या दोन्ही नळ्यांना फडक्याआडून क्षणभर स्पर्श केला. येणारी नळी चांगली तापलेली होती आणि जाणारी जवळजवळ गार.

या दोन नळ्या म्हणजे हीटरची नाडीच होय. दोन्ही गरम असून वारा गार असेल, तर पाण्याचे काम ठीक आहे आणि वारा वळवणारी झडप अडकली आहे. दोन्ही कोमट असतील, तर पाणीच पुरेसे तापत नाही. दोन्ही गार असतील, तर पाणी कमी आहे, पंप निकामी आहे किंवा हवा अडकली आहे. आणि एक गरम, दुसरी गार असेल, तर पाणी हीटरच्या तोंडाशी येऊन थबकले आहे. जाळी किंवा तिच्या वाटेवरचा कॉक तुंबलेला आहे. या गाडीत दोन दोष होते. पण पहिल्या दोषाने दोन्ही नळ्या कोमट ठेवल्यामुळे दुसरा त्याच्या आड लपून राहिला होता.

कॉक मोकळा होता. तेव्हा जाळीच तुंबलेली असणार. सकाळच्या त्या तांबूस पाण्याचा अर्थ आता उमगला. उन्हाळ्यात पाणी उकळले की चालक वाटेत दिसेल त्या विहिरीचे किंवा हापशाचे पाणी रेडिएटरमध्ये भरत असे. जमिनीतील पाण्यात चुन्यासारखे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते क्षार वेगळे होऊन भांड्याला चिकटतात. पाणी तापवण्याच्या बंबात जमणारा पांढरा थर तोच. तो थर आणि इंजिनातील गंज यांनी मिळून जाळीच्या बारीक नळ्या बुजवल्या होत्या.

मिस्त्रीने दोन्ही नळ्या सोडवल्या आणि पाणी ज्या वाटेने बाहेर पडते, त्या वाटेने मंद धार उलटी आत सोडली. जोराची धार सोडली असती तर जुनी जाळी फुटली असती. प्रथम काळपट, मग तांबूस गाळ बाहेर आला. राहिलेल्या क्षारांसाठी त्याने सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण थोडा वेळ जाळीत भरून ठेवले. हे आम्ल क्षारांच्या थराला विरघळवते. गंमत अशी की, संत्र्याला आंबटपणा येतो तोही याच आम्लामुळे. जी गाडी संत्री वाहून नेते, तिच्या मदतीला संत्र्यातलेच द्रव्य धावून आले! शेवटी स्वच्छ पाण्याने जाळी अनेकदा धुतली. पाण्याची धार दोन्ही टोकांना सारखी झाली, तेव्हाच मिस्त्रीचे समाधान झाले.

नळ्या जोडल्यावर विहिरीचे पाणी न भरता, ऊर्ध्वपातित पाणी आणि शीतलक द्रव्य यांचे निम्मे निम्मे मिश्रण भरले. नागपुरात पाणी गोठण्याची भीती नाही; पण हे द्रव्य गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते. शीतलकातील ग्लायकोल चवीला गोड, पण विषारी असते. म्हणून मिस्त्रीने सांडलेले थेंब पुसून घेतले आणि शीतलकाचा डबा मुले व जनावरे यांच्या आवाक्याबाहेर ठेवला.

अजून एक काम उरले होते. पाणी भरताना वाटेत हवा कोंडते. तो बुडबुडा उंच जागी जाऊन बसला की पाण्याचा प्रवाह अडवतो. म्हणून गाडीचे नाक किंचित उंचावर येईल अशी ती उभी केली, थंड इंजिनाचे झाकण उघडे ठेवून ते सावकाश चालू केले आणि हीटरचा कॉक पूर्ण उघडला. गुडगुड असा आवाज करीत बुडबुडे वर येऊ लागले. जसजशी हवा निघाली तसतशी पातळी खाली गेली आणि मिस्त्री मिश्रण घालीत राहिला. बुडबुडे थांबले, तेव्हा पाणी तापण्यापूर्वीच त्याने झाकण घट्ट लावले.

दहा-पंधरा मिनिटांनी मुलगी कॅबिनमध्ये बसली. काचेवर तोंड नेऊन तिने जोराने श्वास सोडला; काचेवर पांढरा पडदा उमटला. चालकाने बटण फिरवले. गरम वाऱ्याचा झोत काचेवर आला आणि तो पडदा कडेकडेने आक्रसत पाहता पाहता नाहीसा झाला. पलीकडचा रस्ता लख्ख दिसू लागला.

सबंध हीटर नवा बसवावा लागला नाही. बदलावा लागला तो तळहातावर मावेल एवढा एक भाग. बाकी काम विचाराने आणि पाण्याने केले. मे महिन्यात कोणी कारण शोधले नाही, केवळ लक्षण दडपले. बुजलेल्या रेडिएटरमुळे पाणी उकळले. उकळल्यामुळे द्वारपाल काढला गेला आणि विहिरीचे पाणी भरले गेले. त्या पाण्याने जाळी तुंबवली. आणि उन्हाळ्यात केलेली चूक हिवाळ्यातील अंधाऱ्या घाटात काचेवरचे धुके होऊन समोर उभी राहिली.

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. चांगला कारागीरही तसाच असतो. प्रथम तो यंत्र कसे चालते ते समजून घेतो. मग संशयाच्या जागा एकेक करून तपासतो. एका पुराव्यावर विसंबत नाही. आणि दोष सापडला तरी ‘तो का उत्पन्न झाला?’ हा शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय हात धूत नाही.

त्या संध्याकाळी पिकअप पुन्हा संत्र्यांनी भरला आणि सावनेरच्या रस्त्याला लागला. रात्र थंड होती. परंतु चालकाचे दोन्ही हात चाकावर होते आणि समोरची काच निर्मळ होती.